जुन्या पिकअपचा अर्धा हिशेब

पिकअप घ्यायची वेळ आली की भिवंडी तालुक्याच्या उत्तर टोकाला, गणेशपुरी-वज्रेश्वरी-अंबाडी पट्ट्यात, एक सल्ला हमखास मिळतो: नवी घेऊ नकोस, जुनी बघ. टाटा २०७ किंवा डीआय इंजिनाची महिंद्रा, पत्रा थोडा सडलेला असला तरी चालेल, पण इंजिन साधं हवं. नव्या गाडीत सगळा कॉम्प्युटर. एक सेन्सर गेला की गाडी जागेवर उभी, नाक्यावरचा मिस्त्री हात लावत नाही आणि शोरूमवाला हजारांच्या खाली बोलत नाही. हा सल्ला देणारे अडाणी नाहीत. त्यातले बरेच जण स्वतः भाडं मारून घर चालवतात, आणि गाडी वाटेत उभी राहिली की त्या दिवशीची कमाई जाते हे त्यांना कुणी शिकवायला नको. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला हसून बाजूला सारणं हा प्रतिवाद नव्हे. माझं म्हणणं असं आहे की जुन्या पिकअपबद्दलचं त्यांचं निरीक्षण बरंचसं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. ते ज्या गुणासाठी जुनी गाडी मागतात, तो गुण म्हणजे ती कुणालाही उघडता येते, समजते आणि दुरुस्त करता येते. हा गुण नव्या गाडीतही आणता येतो. तो आणू दिला जात नाही, एवढंच. तो हक्काने मागायचं सोडून आपण जुनं लोखंड कवटाळून बसलो, तर त्याची किंमत मालक, ड्रायव्हर आणि रस्त्याकडेचं गाव असे तिघेही भरतात.

आधी जुन्या गाडीचं श्रेय तिला देऊ. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली आणि तिच्याच घराण्यातल्या २०७ ने पुढे गावोगावचा माल वाहिला. महिंद्राच्या डीआय इंजिनाचं मूळ फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या डिझेल इंजिनात आहे. या इंजिनांचं काम पूर्ण यांत्रिक होतं. मायको कंपनीचा पंप डिझेल मोजून पुढे ढकलायचा, नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडायचं, आणि बिघाड झाला तर तो कानाला, नाकाला आणि हाताला कळायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा धूर म्हणजे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पंपाचं कॅलिब्रेशन भिवंडीत, रिंगा-पिस्टन बसवायचं काम नाक्यावर, पाटे कुठल्याही लोहाराकडे. हे ज्ञान कंपनीच्या तिजोरीत नव्हतं, हजारो मिस्त्रींच्या हातांत होतं. उस्तादाकडून पोऱ्याकडे ते आपोआप जात होतं. माल वाहण्याच्या धंद्याला त्याने जो आधार दिला तो कुठल्याही कर्जयोजनेने दिलेला नाही. जुन्या गाडीचे समर्थक या गोष्टीबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा शब्दन् शब्द मला मान्य आहे.

खटका उडतो तो पुढच्या दाव्याला, की जुनी गाडी मजबूत. मजबूत म्हणजे काय, हे विचारलं की उत्तर येतं, तिच्यात कितीही भरा, ओढते. वीटभट्टीचं उदाहरण घ्या, कारण या पट्ट्यात भट्ट्यांना तोटा नाही. एक वीट अडीच-तीन किलोची धरली तर हजार विटा अडीच-तीन टन होतात. पिकअपची कागदावरची क्षमता सव्वा ते पावणेदोन टनांच्या आसपास असते. मागे जोडपाटा घातला की चासी बसत नाही आणि ओझं पेलल्यासारखं दिसतं. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही. रिकामी गाडी साधारण पावणेदोन टनांची धरली, तर सव्वा टन मालासकट ती तीन टनांची होते आणि हजार विटांसकट जवळजवळ पावणेपाच टनांची. तेवढ्याच वेगाने धावताना थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक, आणि ती शोषायला तेच ड्रम, तेच लायनर, तेच झिजलेले टायर. अंबाडी-वज्रेश्वरी रस्ता मोठी वाहतूक डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नाही. त्याच्या वळणांवर शाळेची मुलं चालतात, गुरं बसलेली असतात, गुरुपौर्णिमेला गणेशपुरीकडे पायी निघालेल्यांची रांग लागते. ‘ओढते’ ही गाडीची खासियत मानली जाते, पण प्रश्न ओढण्याचा नसून थांबण्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड ठेवला, तोही याच कारणाने. जास्त माल नेऊ देणं हा जुन्या गाडीचा गुण मानला तर मग तिची मजबुती आणि कायद्याचं उल्लंघन यांत फरकच उरत नाही. आणि नव्या गाडीतही जादा माल भरणारे आहेत, हे खरं असलं तरी त्याने जुन्या गाडीची बाजू बळकट होत नाही.

दुसरा दावा स्वस्ताईचा. इथे हिशेब अर्ध्यावर थांबवला जातो. खरेदीची किंमत समोर दिसते, तशी रखडलेल्या फेऱ्यांची किंमत दिसत नाही, कारण ती बिलात येत नाही. पहाटे निघालेली भाजी कल्याणच्या बाजारात लिलावाच्या वेळेला पोहोचली नाही, तर गाडी दुरुस्त होते पण माल परत टवटवीत होत नाही. त्यात सरकारी खर्च घाला. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी पासिंग लागतं. त्यानंतर दर वर्षी. महाराष्ट्रात २०१० पासून आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी दिवसभर वळवणाऱ्या खांद्यांचा आणि पाठीचा खर्च तर कुठल्याच वहीत नसतो. तो पन्नाशीच्या ड्रायव्हरच्या मणक्यात जमा होतो. अर्थात नवी गाडी सगळ्यांना झेपते असा माझा दावा नाही. हप्ता हा दर महिन्याला दार ठोठावणारा पाहुणा आहे, माल मिळो न मिळो. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात भंगारात दिल्यास केंद्राच्या धोरणात नव्या व्यावसायिक गाडीच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. या दोन्हींनी ओझं हलकं होतं, नाहीसं होत नाही. ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा शेतावरून रस्त्यापर्यंत जाते, त्याने कर्ज काढून नवी घ्यावी असं म्हणणं हा अन्याय आहे. पण ज्याची गाडी रोज भिवंडी-कल्याण-ठाणे करते, त्याला जुनी स्वस्त पडते हे कागदावर लिहून दाखवा, असं आव्हान मी देतो.

आता धुराकडे येऊ, कारण या वादात सगळ्यात जास्त झाकलं जाणारं सत्य तिथे आहे. भारत स्टेज-३ मानकात जड गटातल्या हलक्या मालवाहू डिझेल गाडीला, म्हणजे १,७६० किलोंहून अधिक संदर्भ-वजनाच्या पिकअपला, किलोमीटरमागे १०० मिलिग्रॅम कणांची मुभा होती. भारत स्टेज-४ मध्ये ती ६० वर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅम आहे. बावीसपट फरक! नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ७८० वरून १२५ वर उतरली. ही नव्या कोऱ्या गाडीची मर्यादा. झिजलेल्या नोझलची, पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलेली पिकअप प्रत्यक्षात किती सोडते, ते चढावर तिच्या मागे दुचाकी चालवणाऱ्याला विचारायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धूर आकाशात उंच जात नाही. तो उताऱ्याच्या जागी, चहाच्या टपरीपाशी, गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत, माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवलेल्या गाडीभोवती घुटमळतो. आणि सगळ्यांत आधी तो त्या गाडीच्या केबिनमध्ये शिरतो. ‘पीयूसी आहे ना’ हे उत्तरही पुरत नाही, कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची दाटी तेवढी मोजली जाते; नायट्रोजन ऑक्साइड आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्या मशीनच्या नजरेतून निसटतात.

यावर म्हटलं जातं की भट्ट्यांचा धूर, भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, रस्त्यांची धूळ, जाळला जाणारा कचरा हे सगळं असताना गरिबाच्या एका पिकअपवर डोळा का? आक्षेपात तथ्य आहे. भट्ट्या आणि कचरा यांच्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण दुसऱ्याचा धूर मोठा म्हणून आपला धूर निरुपद्रवी होत नाही, आणि आपला धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो हे त्यात विसरलं जातं. नवी गाडी बनवतानाही कोळसा जळतो, असंही सांगतात. हवामानबदलाच्या हिशेबात तो मुद्दा वजनदार आहे. गणेशपुरीतल्या दम्याच्या रुग्णाच्या हिशेबात नाही.

नव्या गाडीविरुद्धचा खरा दमदार आक्षेप तांत्रिक आहे, आणि तो शोरूमचे विक्रेते टाळतात. भारत स्टेज-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन धुराचं तापमान साधारण सहाशे अंशांपर्यंत नेऊन ती काजळी जाळतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. अंजूरफाटा किंवा माणकोलीच्या कोंडीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीला तशी संधीच मिळत नाही. मग दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते, आणि ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं नाक्यावर ऐकावं लागतं. ज्या गाड्यांत धूर साफ करायला युरिया लागतो त्यांत भेसळीचा युरिया पडला की खर्च वेगळा. हा त्रास खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘जुनी घ्या’ हा नाही. निष्कर्ष असा की कुठल्या कामाला कुठली गाडी हे आधी ठरवा. महामार्गावर लांब धावणाऱ्याला नवं डिझेल ठीक. रोज गणेशपुरी ते भिवंडी असं पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन, कोंडीत थांबून, संध्याकाळी घरी परतणाऱ्याला डिझेलच नको. त्याने सीएनजीचा किंवा बॅटरीचा विचार करावा. टाटांची बॅटरीवरची एस, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं नवं रूप, मे २०२२ मध्ये आली तेव्हा कंपनीने प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर सांगितला होता; मे २०२४ मध्ये एक टन मालाचं रूप १६१ किलोमीटरच्या पल्ल्याचं आलं. प्रत्यक्षात भरल्या गाडीला पल्ला कमी मिळतो, पण निम्मा मिळाला तरी असं एक जाणं-येणं त्यात बसतं. चार्जिंगची सोय आणि पावसाळ्यात खंडित होणारी वीज हे अडथळे आहेत, ते महावितरण आणि ग्रामपंचायत यांच्यापुढे ठेवायचे आहेत. पावसाने नव्या गाडीचं वायरिंग बिघडतं हा मुद्दा मात्र मी फार ताणणार नाही. तानसा नदीच्या पुरात जुन्या गाड्यांचीही इंजिनं पाणी पितात.

आता मुख्य गाठीकडे. नव्या गाडीत आज इंजेक्टर १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाबावर काम करतो, आणि तो बदलला की अनेक गाड्यांत त्याच्यावर छापलेला कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो. पाना फिरवून इंजेक्टर बसवणं नाक्यावरच्या मिस्त्रीला सहज जमतं. कोड भरायचं सॉफ्टवेअर त्याला मिळत नाही. बाजारातला स्वस्त स्कॅनर ठरलेले सार्वत्रिक दोष वाचतो, कंपनीच्या खासगी कप्प्यांत शिरत नाही. म्हणजे अडचण यंत्राच्या गुंतागुंतीची कमी आणि कुलपाची जास्त आहे. हे केवळ माझं मत नव्हे. समशेर कटारिया या ग्राहकाने २०११ मध्ये केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. टाटा मोटर्स आणि महिंद्रा अँड महिंद्रा त्यांत होत्या. आयोगाचं म्हणणं असं होतं की सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवता कंपन्यांनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रीलाही उपलब्ध करा, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नका, असा आदेश झाला. पुढे दंडाच्या रकमा अपिलांत गेल्या, प्रकरण लांबलं. पण निरीक्षण कागदावर आहे, आणि ते नाक्यावरच्या ड्रायव्हरच्या तक्रारीशी तंतोतंत जुळतं. मला वाईट याचं वाटतं की इतका भक्कम आधार हाती असताना आपल्याकडची चर्चा ‘जुनी बरी’ या वाक्यावर येऊन संपते. कुलूप लावणाऱ्याला प्रश्न विचारायचं सोडून आपण कुलूप नसलेल्या पडक्या घरात राहायला जातो.

याच कारणाने मी दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही सहमत नाही. वय झालं की गाडी रस्त्यावरून उचला, असं त्यांना वाटतं. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचा हुकूम अमलात आला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. वय ही गाडीच्या अवस्थेची मोजणी नव्हे. नीट राखलेली, मर्यादेत माल नेणारी, शेतापासून रस्त्यापर्यंत फिरणारी जुनी गाडी एका आदेशाने भंगारात ढकलली, तर तिच्या मालकाला पर्याय न देता त्याची मिळकत काढून घेतल्यासारखं होतं. पासिंगच्या वेळी ब्रेक, टायर आणि धूर यांची यंत्राने कसून तपासणी करा, त्यात नापास झालेली थांबवा. वर्षांवर बोट ठेवू नका. पण हेही ध्यानात घ्यावं लागेल की अशी प्रामाणिक तपासणी सुरू झाली तर या पट्ट्यातल्या रोज धावणाऱ्या बऱ्याच जुन्या पिकअप त्यात टिकणार नाहीत, आणि जुन्या गाडीची वकिली करणाऱ्यांनी त्या दिवसाची तयारी ठेवलेली नाही.

तयारी म्हणजे काय? नवी गाडी नाक्यावर दुरुस्त करायचा हक्क मिळवणं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनांचा समावेश केला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. तिथे माहिती मिळते, पण कंपनीला सॉफ्टवेअर खुलं करायला भाग पाडणारा कायदा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०१२ मध्ये मतदानाने असा कायदा करून घेतला आणि २०२० मध्ये तो बिनतारी माहितीपर्यंत वाढवला. कंपन्यांनी विरोध केला, तरी. आपल्याकडे टेम्पोचालक-मालकांच्या संघटना टोल, दंड आणि पार्किंग यांवर रस्त्यावर उतरतात. सर्व्हिस सॉफ्टवेअर हा विषय त्यांच्या मागण्यांत दिसत नाही. तो यायला हवा. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल हे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या कार्यशाळेत चालू मॉडेलचं इंजिन आणि कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर असला पाहिजे, आणि नाक्यावर वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला संध्याकाळच्या वर्गात बसता आलं पाहिजे. त्याचा कान आणि हात कुठल्याही स्कॅनरहून कमी मोलाचे नाहीत. त्याला हवी आहे ती फक्त आत शिरायची परवानगी.

हे सगळं करायला वेळ किती आहे, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. गणेशपुरीचा छोटा मालक शोरूममधून क्वचितच घेतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घेतो. २०२० मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या भारत स्टेज-६ पिकअप २०२८ मध्ये आठ वर्षांच्या होतील. वॉरंटी कधीच संपलेली असेल, दर वर्षीचं पासिंग आणि पर्यावरण कर सुरू होईल, पहिले मालक त्या विकायला काढतील, आणि भिवंडीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून त्या अंबाडी नाक्यावर येतील. त्या वेळी बाजारात जुनी म्हणून मिळणारी गाडी सेन्सरवालीच असेल. मायकोच्या पंपाची, धड अवस्थेतली पिकअप शोधून सापडणार नाही. आज ‘नवी नको’ म्हणणाऱ्यालाही तीच घ्यावी लागेल, आणि तिचा कोड भरायचा अधिकार तोवर त्याच्या मिस्त्रीला मिळालेला नसेल, तर त्याला प्रत्येक बिघाडाला ती गाडी टो करून शहरातल्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत न्यावी लागेल.